खिडक्या बदलायला प्रत्यक्षात किती खर्च आला? खानदेशातील घरमालकांचे अनुभव

जळगाव (धागा सुरू करताना, 2024)

आमचे घर 1991 साली बांधलेले आहे. गल्लीतल्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याकडेही लोखंडी झेड-पट्टीच्या चौकटी, त्यांत लांबी (पुट्टी) भरून बसवलेल्या काचा आणि मध्ये उभे गज अशा खिडक्या आहेत. तीस उन्हाळे कूलरचे पाणी झिरपून दोन चौकटी खालच्या अंगाला इतक्या गंजल्या आहेत की नखाने खरवडले तरी लोखंडाचे पापुद्रे हातात येतात. एका खिडकीची झडप तर लागतच नाही. ती रात्री सुतळीने गजाला बांधावी लागते.

एकूण सात खिडक्या आहेत: चार 4 बाय 4 फुटांच्या, दोन 5 बाय 4 च्या आणि स्वयंपाकघरातली एक 3 बाय 3 ची. हे सगळे मिळून 113 चौरस फूट होतात. मी तीन ठिकाणी भाव विचारला. पहिल्याने हलक्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा (म्हणजे चौकटीच्या नळीचा) 340 रुपये चौरस फूट भाव सांगितला, म्हणजे 38,420 रुपये. दुसऱ्याने डोमल, म्हणजे जाड आणि रुंद सेक्शनचा 540 रुपये सांगितला, त्याचे 61,020 झाले. तिसऱ्याने यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकच्या चौकटीचा) 820 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी असा हिशेब मांडला, तो सुमारे 1 लाख 9 हजारांवर गेला. घर तेच, खिडक्या त्याच आणि आकड्यांत जवळजवळ तिपटीचा फरक पाहून मी वही मिटून ठेवली.

ज्यांनी हे काम करून घेतले आहे त्यांना विनंती आहे की त्यांनी आपले गाव, वर्ष, खिडक्यांचे माप, सांगितलेला भाव आणि शेवटी खिशातून गेलेली रक्कम लिहावी. भावात काय धरलेले नव्हते, हे आवर्जून लिहावे, कारण मला तिथेच पाणी मुरताना दिसते आहे.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

मला जमाखर्चाची वही ठेवण्याची सवय आहे, म्हणून आकडे आठवणीतले नसून वहीतले देतो. 2022 च्या फेब्रुवारीत मी पहिल्या मजल्यावरच्या सहा खिडक्या, प्रत्येकी 4 बाय 4, म्हणजे 96 चौरस फूट, बदलल्या. अ‍ॅल्युमिनियमचा पाऊण इंची सेक्शन, दोन ट्रॅक (पल्ले सरकण्याच्या खाचा), 4 मिलिमीटर काच आणि भाव 310 रुपये होता. कारागिराला 29,760 रुपये दिले.

आता त्याखालच्या नोंदी सांगतो. जुन्या चौकटी उपसून काढण्याचे प्रत्येकी 400 प्रमाणे 2,400. चौकट भिंतीत तीन बाजूंनी पायासारखी रुतवलेली असते आणि ती निघताना वीतभर प्लास्टर सोबत घेऊन येते, त्यामुळे गवंडी आणि बिगारी तीन दिवस लागले, त्यांचे 4,500. वाळू-सिमेंट 1,800. आतून रंगाचे ठिगळ दिसू लागले म्हणून त्या तीन भिंती रंगवल्या, त्याचे 3,500. एकूण 41,960 झाले. जुने लोखंड 90 किलो भरले, ते 30 रुपयांनी भंगारात गेले आणि 2,700 परत आले. निव्वळ खर्च 39,260, म्हणजे 310 चा भाव मला 409 रुपयांना पडला. ग्रील बाहेरून स्वतंत्र बसवलेली होती, म्हणून तो खर्च वाचला. ती चौकटीतच असती तर आकडा आणखी वर गेला असता.

एवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. दोन उन्हाळ्यांनंतर सहापैकी चार खिडक्यांची प्लास्टिकची चाके झिजली आणि शटर (सरकता पल्ला) ट्रॅकवर घासू लागले. आमच्याकडे धूळ फार असते. ती ट्रॅकमध्ये साचते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि तो वाळला की चाकाला सहाणेसारखा लागतो. चाके बदलण्यासाठी शटर उतरवावे लागते, त्याचे प्रत्येकी 250 रुपये दिले. स्टीलचे बेअरिंग सुरुवातीलाच मागितले असते तर सगळ्या घराला हजार-बाराशे रुपये जास्त गेले असते, असे नंतर त्याच कारागिराने मला शांतपणे सांगितले.

धुळे, देवपूर

माझा प्रश्न उन्हाचा होता. पश्चिमेच्या खोलीत एप्रिल-मे मध्ये दुपारी तीननंतर बसणे अशक्य व्हायचे. यूपीव्हीसी उष्णता अडवते असे विक्रेत्याने सांगितल्यामुळे 2023 मध्ये मी 5 बाय 4 च्या तीन खिडक्या 780 रुपये भावाने करून घेतल्या. 60 चौरस फुटांचे 46,800, त्यावर 18 टक्के कराचे 8,424, असे 55,224 रुपये झाले. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून हा खर्च केल्यामुळे मी निकालाकडे फार बारकाईने पाहत होते.

रस्त्याचा आवाज स्पष्टपणे कमी झाला. धूळ तर इतकी कमी झाली की पूर्वी दिवसातून दोनदा पुसावे लागणारे टेबल आता दोन दिवसांनी पुसले तरी चालते. उकाडा मात्र जेमतेमच कमी झाला. एके दिवशी साडेचारच्या सुमारास मी खिडकीजवळ उभी राहून आधी चौकटीवर आणि मग काचेवर तळहात ठेवून पाहिला. चौकट कोमट होती, काच तव्यासारखी होती आणि पलंगावर पायापर्यंत ऊन आलेले होते. विक्रेता खोटे बोलला असे मी म्हणणार नाही, कारण यूपीव्हीसीची चौकट अ‍ॅल्युमिनियमइतकी तापत नाही हे खरेच आहे. पण खिडकीत चौकट किती आणि काच किती याचा विचार मी केला नव्हता. 5 मिलिमीटरची साधी पांढरी काच ऊन सरळ आत सोडते आणि एकदा ते आत आले की जाड पडदाही त्याला परत घालवू शकत नाही.

मग बाहेरून पत्र्याचे उतरते छप्पर करून घेतले, प्रत्येकी 2,800 प्रमाणे 8,400 रुपयांना, आणि त्याखाली बांबूची चिक सोडली. उन्हाळा सुसह्य झाला तो या 8,400 रुपयांनी. आधी छप्पर केले असते तर कदाचित यूपीव्हीसीचा विचार मी केलाच नसता, परंतु धुळीसाठी मला पश्चात्ताप नाही.

यावल तालुका, शेतकरी

आमचे घर आजोबांच्या काळातले, धाब्याचे आहे. त्याला सागवानी चौकटीच्या पाच खिडक्या आहेत आणि मुलगा गेली दोन वर्षे त्या सगळ्या काढून स्लायडिंग बसवा म्हणून मागे लागला होता. मी आधी सुताराला बोलावले. त्याने चौकटीच्या पायाशी पटाशी टोचून पाहिली, पाचपैकी चार ठिकाणी ती आत गेलीच नाही. पाचव्या ठिकाणी मात्र मुठीपर्यंत शिरली, कारण तिथे वाळवीने आतून सगळे खाऊन वरचा रंग तेवढा शिल्लक ठेवला होता.

चार खिडक्यांच्या झडपा सरळ करणे, बिजागऱ्या बदलणे, फुटलेली तावदाने बसवणे आणि आतून जाळीची चौकट लावणे यांचे प्रत्येकी 2,200 प्रमाणे 8,800 रुपये झाले. पाचवी 4 बाय साडेतीन फुटांची खिडकी नवीन सागवानात केली. घट धरून 2.2 घनफूट लाकूड लागले, ते 3,800 रुपये भावाने 8,360 चे झाले. मजुरी 4,500 आणि बिजागऱ्या, कड्या, स्क्रू यांचे 900, असे 13,760 रुपये. चौरस फुटाने पाहिले तर हे 983 रुपये होतात, म्हणजे धुळ्याच्या ताईंच्या यूपीव्हीसीहून, त्यांचा कर धरूनसुद्धा, महाग. शिवाय दर तीन-चार वर्षांनी तेलपाणी करावे लागेल ते वेगळे. नवीन सागवानाचा भाव ऐकल्यावर जुन्याची किंमत कळली, इतकेच म्हणतो.

याच काळात जुने लाकूड घेणारा एक व्यापारी गावात फिरत होता. त्याने नक्षीच्या चौकटीसह पाची खिडक्या 12,000 रुपयांना मागितल्या आणि वर ‘त्यात अ‍ॅल्युमिनियमची निम्मी सोय होईल’ असा सल्लाही दिला. ज्यांच्याकडे जुने घर आहे त्यांनी अशा व्यापाऱ्याला भाव सांगण्याआधी नव्या लाकडाचा घनफुटाचा भाव विचारून यावा.

शहादा

माझ्या अनुभवात रक्कम छोटी आहे, पण मापाची गंमत मोठी आहे. मला स्वयंपाकघराची एकच खिडकी करायची होती. तिचे प्रत्यक्ष माप 2 फूट 10 इंच बाय 3 फूट 2 इंच, म्हणजे 9 चौरस फुटांना थोडे कमी. भाव 520 ठरला आणि मी मनात साडेचार हजार धरले. बिल 6,240 चे आले. विचारले तेव्हा कळले की माप पुढच्या अर्ध्या फुटावर नेतात, त्यामुळे ते 3 बाय साडेतीन, म्हणजे 10.5 झाले, आणि 12 चौरस फुटांखालच्या कोणत्याही खिडकीला 12 चेच पैसे लागतात. हे दोन्ही नियम भाव ठरताना कोणी बोलले नव्हते.

शिवाय मी हौसेने टफन्ड काच सांगितली होती. माप घ्यायला आलेला मुलगा फक्त मधल्या भागाची रुंदी घेऊन गेला. काच आली, लावून पाहिली, तर वरच्या अंगाला दोन सूत अडकत होती. तो हताशपणे म्हणाला, ‘ताई, भिंत गुण्यात नही शे.’ भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती हे खरेच, तीस वर्षांपूर्वी ती ज्यांनी बांधली त्यांनी ओळंबा डोळ्यानेच पाहिला असावा. पण टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही, हे त्याला ठाऊक असायला हवे होते. शेवटी नवीन काच मागवावी लागली आणि नऊ दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला होता. नव्या काचेचे निम्मे पैसे मी दिले. वास्तविक द्यायला नको होते.

जळगाव (धागाकर्ता)

शहाद्याच्या ताईंचे वाचून मी माझे तिन्ही कागद पुन्हा उघडले. दोघांच्या कागदावर किमान मापाचा उल्लेखच नाही. हे पैसे धरणे सर्वत्र चालते की काही जणांपुरते आहे, हे या धंद्यातील कोणी सांगू शकेल काय?

चाळीसगाव, अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांचे काम करणारा

मी बावीस वर्षे हे काम करतो, त्यामुळे आमच्या बाजूनेही थोडे लिहितो. किमान मापाचा नियम बहुतेक सगळे पाळतात, कारण खिडकी 9 फुटांची असो की 16 ची, चार कोपरे कापणे, कुलूप, चाके, ब्रश, येणे-जाणे आणि बसवणे हे सगळे तेवढेच लागते. सेक्शन 12 फुटी नळ्यांत येतो आणि छोट्या खिडकीत उरलेले तुकडे भंगारात जातात. मात्र हे आधी सांगायला हवे, न सांगणे ही लबाडी आहे, यात मला शंका नाही.

भावातला फरक कुठून येतो ते सांगतो. आम्ही सेक्शन किलोने विकत घेतो आणि तुम्हाला चौरस फुटाने विकतो. सगळी मेख इथेच आहे. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन सेक्शनपैकी एकाची भिंत पातळ असते, वजन कमी भरते आणि चौरस फुटाला सहज ऐंशी-शंभर रुपये वाचतात. ग्राहक रंग पाहतो, आडवा काप पाहत नाही. माझी विनंती आहे की भाव ठरवण्याआधी वीतभर तुकडा कापून मागावा, दोन कारागिरांचे तुकडे शेजारी ठेवावेत आणि शक्य झाल्यास सोनाराच्या नाही तरी किराणा दुकानाच्या काट्यावर तरी तोलावेत. यूपीव्हीसी घेणाऱ्यांनी नळीच्या आतली लोखंडी पट्टी दाखवायला सांगावे, कारण नुसत्या यूपीव्हीसीला मोठ्या खिडकीचा ताण पेलत नाही आणि जिथे दिसत नाही तिथेच बचत करण्याचा मोह होतो.

दुसरा फरक काचेचा असतो, 4 मिलिमीटर की 5. तिसरा जाळीचा. जाळी हवी असेल तर तिसरा ट्रॅक येतो, म्हणजे चौकट रुंद होते आणि तिसरे शटर वाढते, म्हणून दोन ट्रॅकचा भाव घेऊन नंतर ‘जाळीही लावून द्या’ म्हटले की भांडण ठरलेले असते. स्क्रू लोखंडी की स्टेनलेसचे, चाक प्लास्टिकचे की बेअरिंगचे, बाहेरून सिलिकॉन की नुसता पांढरा सिमेंट, या गोष्टी किरकोळ वाटतात, पण स्वस्त भाव यांतूनच तयार होतो. अ‍ॅल्युमिनियमचा बाजारभाव सतत हलत असतो, त्यामुळे माझा भाव पंधरा दिवसांपुरताच असतो आणि ते मी कागदावर लिहून देतो.

कामाच्या दिवसांबद्दलही सांगतो. दिवाळीआधी आणि आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घरोघरी रंगकाम निघते, तेव्हाही अचानक खिडक्या आठवतात. ज्याला घाई नाही त्याने या तीन वेळा सोडून यावे. भावात फार फरक पडणार नाही, पण मुख्य कारागीर स्वतः बसवायला येईल.

पारोळा

चाळीसगावच्या भाऊंनी आखाजीचा विषय काढलाच आहे, म्हणून आमची फजिती लिहितो. बहीण आखाजीला माहेरी येणार म्हणून घर नीट करावे अशी वडिलांची इच्छा होती. 52,000 रुपयांना काम ठरले आणि सेक्शन आणायचा म्हणून कारागिराने 36,000 रुपये उचल घेतली. सणाच्या चार दिवस आधी त्याची माणसे आली, पाचही जुन्या खिडक्या एका दिवसात काढून गेली, आणि नवीन खिडक्या ‘परवा’ येणार होत्या. त्या 19 दिवसांनी आल्या. फोन लागत होता, उचलला जात नव्हता.

मे महिन्यातले 19 दिवस आम्ही पाच भोकांना ताडपत्री लावून काढले. दिवसा ती तापून खोलीत रबराचा वास पसरायचा. रात्री वारा सुटला की ती फडफडायची आणि म्हातारी आजी दर वेळी उठून ‘कोण आहे?’ म्हणून विचारायची. बहीण एक रात्र राहिली आणि दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन काकांकडे गेली. ताडपत्री, बांबू आणि राखणीसाठी ठेवलेल्या माणसाचे मिळून साडेतीन हजार रुपये झाले, ते कोणत्याच भावात नव्हते.

आता कोणी विचारले तर मी एवढेच सांगतो की नवीन खिडक्या तयार होऊन अंगणात उभ्या राहिल्याशिवाय जुन्या खिडकीला छिन्नी लावू देऊ नये आणि उचल निम्म्याच्या आत ठेवावी.

चोपडा

आम्हाला खिडक्या बदलायच्या नव्हत्याच, पण चौकशीला गेलो आणि जवळजवळ बदलून आलो असतो. त्रास डासांचा होता. जुन्याच लाकडी चौकटींना आतून जाळीची पल्ले केली, चार खिडक्यांना 7,600 रुपये लागले, आणि प्रश्न संपला.

अमळनेर, सदनिका

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. 2021 मध्ये शयनगृहातली दोन झडपांची 4 बाय 4 ची जुनी खिडकी काढून तीन ट्रॅकची स्लायडिंग बसवली, 480 भावाने 7,680 रुपयांना. दिसायला ती सुरेख होती. पहिल्या उन्हाळ्यात लक्षात आले की पूर्वी झडपा उघडल्या की सगळी खिडकी मोकळी व्हायची आणि आता कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. खानदेशात उन्हाळ्यात दिवसा खिडकी बंदच असते, खरे काम तिला रात्री दहानंतर असते, जेव्हा बाहेरची हवा जराशी निवते. नेमकी त्याच वेळी आमची निम्मी वाट बंद झाली.

त्यात कूलरची पंचाईत झाली. जुन्या खिडकीत कूलरचे तोंड बरोबर बसायचे. आता शटर सरकवून तोंड बसवले तर वर दीड फुटाची फट उरते, तिच्यातून कूलरची गार हवा बाहेर आणि बाहेरची झळ आत येते. दोन उन्हाळे त्या फटीत पुठ्ठा, जुनी उशी आणि एकदा तर मुलाची पाटी खोचून काढले. शेवटी मागच्या वर्षी ती स्लायडिंग काढून बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी बसवली, तिच्या खालच्या अर्ध्या भागात कूलरसाठी काढता येणारे पल्ले ठेवले. 650 भावाने 10,400 रुपये झाले. जुन्या स्लायडिंगचे भंगारात 900 आले. एका खिडकीला एकूण 17,180 रुपये घातले, यातले जवळजवळ सात हजार निव्वळ न विचारल्याचे आहेत.

धुळे, निवृत्त स्थापत्य अभियंता

अमळनेरच्या ताईंनी जे अनुभवाने लिहिले आहे, ते हिशेबानेही तपासता येते. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या, उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश इतके उघडे क्षेत्र हवे असे धरलेले आहे. खोली 12 बाय 10 फुटांची, म्हणजे 120 चौरस फूट असेल, तर 12 चौरस फूट उघडणारी जागा लागते. 4 बाय 4 ची बिजागरीची खिडकी 16 देते, तीच स्लायडिंग केली की 8 उरतात. समोरासमोर दुसरी खिडकी असेल तर चालून जाते, एकाच भिंतीला खिडकी असेल तर चालत नाही. घर बांधताना हा विचार वास्तुविशारद करतो, पण खिडकी बदलताना तो कोणीच करत नाही, कारण समोर फक्त कारागीर असतो आणि त्याला स्लायडिंग बनवणे सोपे जाते.

दुहेरी काचेबद्दल मला बरेच जण विचारतात. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा असल्यामुळे काचेतून होणारे उष्णतेचे वहन कमी होते, हे बरोबर आहे, परंतु ज्या घरात दिवसभर वातानुकूलन चालत नाही आणि रात्री खिडक्या उघड्याच टाकायच्या असतात, तिथे तो वाढीव खर्च भरून निघेल असे मला वाटत नाही. थेट ऊन काचेवर पडण्याआधी अडवणे, म्हणजे छज्जा, चिक किंवा चक्क एखादे झाड, हे त्याहून स्वस्त आणि अधिक परिणामकारक आहे.

रावेर

पावसाच्या पाण्याचा मुद्दा राहिला आहे. आमच्याकडे मे-जूनमध्ये जे वादळ येते ते केळीच्या बागा आडव्या करून जाते. त्यात पाऊस आडवा मारतो. नवीन स्लायडिंगच्या पहिल्याच वादळात ट्रॅक नाल्यासारखे भरले आणि पाणी आतल्या बाजूने भिंतीवरून गादीवर आले. कारण इतकेच होते की खालच्या पट्टीला बाहेरून पाणी निघायची भोके पाडलेली नव्हती. 300 रुपयांत तीन खिडक्यांना ती पाडून घेतली. भिजलेली गादी पुन्हा भरून घेण्याचे 1,800 रुपये मात्र लागले.

जळगाव (धागाकर्ता, काम झाल्यावर)

सर्वांचे मनापासून आभार. काम दिवाळीनंतर झाले, त्याचा पूर्ण हिशेब देतो.

हलका सेक्शन भुसावळच्या काकांमुळे बाद झाला. सहा खिडक्यांना डोमल, तीन ट्रॅक, 5 मिलिमीटर काच, स्टीलचे बेअरिंग आणि स्टेनलेस जाळी घेतली. 104 चौरस फुटांचे 540 भावाने 56,160 झाले. दोन वेगवेगळ्या कारागिरांचे तुकडे खरोखरच किराणा दुकानात तोलले, दुकानदाराला त्यात फार मजा वाटली. ज्या खोलीत कूलर लागतो तिथली एक स्लायडिंग अमळनेरच्या सल्ल्याने कूलरच्या मापात बसेल अशी विभागून घेतली, त्याचे वेगळे पैसे त्याने मागितले नाहीत. स्वयंपाकघराची खिडकी बिजागरीची केली. ती 9 चौरस फुटांची असूनही 10 धरायचे असे आधीच ठरवून कागदावर लिहून घेतले होते, म्हणून 620 भावाने 6,200 झाले. खिडक्यांचे एकूण 62,360.

जुन्या सात खिडक्या काढण्याचे 3,150. गज चौकटीतच होते, त्यामुळे चौकटीबरोबर तेही गेले आणि तळमजल्याचे घर म्हणून नवीन ग्रील करावी लागली. 130 किलो, 100 रुपये भावाने 13,000. हा खर्च माझ्या मनात आलेलाच नव्हता. खिडक्यांच्या तळाला ग्रॅनाइटची पट्टी 29 फूट, 160 भावाने 4,640. गवंडी आणि बिगारी चार दिवस 6,000, वाळू-सिमेंट 2,200, रंग 5,500. पश्चिमेच्या दोन खिडक्यांवर धुळ्याच्या ताईंच्या सल्ल्याने पत्र्याचे छप्पर 6,000. आणि पक्के बिल मागितल्यावर कळले की 540 आणि 620 हे भाव कराशिवायचे होते, म्हणून 62,360 वर 18 टक्क्यांचे 11,225. बेरीज 1,14,075 झाली. भंगारातून 160 किलो लोखंडाचे 31 रुपयांनी 4,960 आले, म्हणजे निव्वळ 1,09,115.

ज्या तिसऱ्या आकड्याला घाबरून मी वही मिटली होती, तो 1,09,339 चा होता. अर्थात त्याच्यावरही तोडणी, ग्रील आणि गवंडी चढलेच असते, हे आता कळते. चौरस फुटाला मला 966 रुपये पडले आणि सुरुवातीला मी 540 धरून बसलो होतो.

पारोळ्याच्या भाऊंचे ऐकून सातही खिडक्या अंगणात येईपर्यंत जुन्यांना हात लावू दिला नाही. दोन दिवस त्या पेरूच्या झाडाला टेकून उभ्या होत्या आणि शेजारच्या मुलांनी त्यांच्या धुळीवर बोटाने आपापली नावे लिहून ठेवली होती. काम चांगले झाले आहे. मागच्या खिडकीचे बाहेरचे सिलिकॉन तेवढे राहिले आहे. कारागीर तीन आठवड्यांपासून सोमवारी येतो म्हणतो आहे, त्याचे 2,000 रुपये मी बाजूला ठेवले आहेत.